रस्त्याआधी वाट : गावामागच्या लहान डोंगरांविषयी गोव्यातील ग्रामपंचायतींना खुले पत्र

प्रति,
सर्व सरपंच आणि पंचसदस्य,
जैवविविधता व्यवस्थापन समित्यांचे सदस्य,
कोमुनिदादींचे पदाधिकारी,
गोवा.

विषय : गावच्या डोंगराच्या माथ्यावर जाणारी पायवाट

स.न.वि.वि.

गोव्यातले सर्वांत उंच शिखर म्हणजे सत्तरीतला सोसोगड, ११६६ मीटर. हे पत्र त्याच्याबद्दल नाही. तिथे जायला अभयारण्याची परवानगी लागते, वाटाड्या लागतो, अख्खा दिवस लागतो, आणि जाणाऱ्याला हे आधीच ठाऊक असते. आम्ही लिहितो आहोत ते वाड्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या शंभर-दोनशे मीटरच्या डोंगराबद्दल. त्याचा माथा बसथांब्यावरून दिसतो. गणेश चवथीच्या माटोळीला (गणपतीवर टांगायच्या रानफळा-फुलांच्या चौकटीला) लागणारी वाघनखी, हरणे, कांगले तिथूनच येतात. पण त्यावर चढायचे नेमके कुठून, हे आता साठी ओलांडलेल्या दोन-चार माणसांनाच सांगता येते.

असा डोंगर ग्रामसभेत चर्चेला आला की ठराव ठरलेलाच असतो: वरपर्यंत डांबरी रस्ता, नाहीतर काँक्रिटच्या पायऱ्या आणि रंगवलेले रेलिंग, वर पेव्हर घातलेला व्ह्यू पॉइंट. आमची विनंती एवढीच की हा ठराव घेण्याआधी जुनी वाट एकदा मोकळी करून पाहावी. ती कशी करायची, कुठे बिघडते आणि का बिघडते, ते खाली दिले आहे.

हे डोंगर अवघड वाटतात ते उंचीमुळे नव्हे. बहुतेक जांभ्याचे आहेत. पायथ्याला वस्ती आणि काजू, मधे उतार, वर सपाट सडा. सड्याला कडक कवच असते. त्याखाली जांभा मऊ होत जातो आणि आणखी खाली पिवळट-पांढरी चिकट माती लागते. पावसाने ही मऊ माती खालून झिजते, वरचे कवच पुढे लोंबत राहते आणि कधीतरी तुटून पडते. म्हणून माथ्याभोवती तीन-चार मीटरचा, कुठे आठ-दहा मीटरचा उभा कडा असतो आणि त्याच्या पायाशी घरंगळलेल्या धोंड्यांचा पट्टा. शंभर मीटरची चढण अर्ध्या तासात होते, शेवटचे दहा मीटर मात्र होत नाहीत.

त्या कड्याला एखाद-दुसरेच खिंडार असते. तिथे कवच पूर्ण कोसळून उतार झालेला असतो किंवा पावसाळी व्हाळाने घळ पाडलेली असते. जुनी वाट नेमकी तिथे जाते, गुरेही तिथूनच चढायची. वाट बुजली की नवखा माणूस नाकासमोर वर जातो, धोंड्यांत अडकतो, कड्याला भिडतो आणि मग करवंदाच्या जाळ्यांतून कड्याच्या पायाने खिंडार शोधत फिरतो. मुरगळलेले पाय आणि विंचू-फुरशाची गाठ बहुतेक याच टप्प्यात पडते.

नकाशा इथे फारसा कामाचा नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने असतात. आठ मीटरचा कडा दोन रेषांच्या मधे सहज गडप होतो. उपग्रहाच्या चित्रात वरून झाडांचे शेंडे दिसतात, कडा नाही. म्हणून खिंडाराची जागा माणसांकडूनच काढून घ्यावी लागते: गुरे राखलेल्यांकडून, काजूच्या बागायतीत राबलेल्यांकडून, रोयणीची अळमी (वारुळावर उगवणारी अळंबी) काढायला जाणाऱ्या बायकांकडून. विचारताना ‘माथ्यावर कसे जायचे’ असे विचारू नये, ‘गुरे कुठून चढायची’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘आता वाट नाही’ असे उत्तर येते, दुसऱ्याला बोट दाखवून जागा सांगतात. (अळमी कुठे उगवतात हे मात्र कोणी सांगणार नाही, आणि विचारूही नये.) वर पोचल्यावर मे महिन्यात, गवत वाळलेले असताना, कड्याच्या काठाने एक पूर्ण फेरी मारावी, आणखी खिंडारे असतील तर ती वरून लवकर ओळखू येतात. मोबाइलवर जागेची नोंद करावी, पण झाडीत आणि कड्याला लागून ती पंधरा-वीस मीटरने चुकू शकते. म्हणून खालून आणि वरून असे दोन फोटो नोंदीला जोडावे.

दुसरी अडचण पायथ्याची. वाटेचा खालचा भाग भाटकाराच्या (जमीनमालकाच्या), कोमुनिदादीच्या (गावच्या सामाईक जमिनीच्या जुन्या संस्थेच्या), सरकारच्या किंवा वन खात्याच्या जमिनीतून जातो, कधी या चारींच्याही. प्रत्येक सर्वे क्रमांकाचा एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या मालकी-वहिवाटीची नोंद) आणि सर्वे प्लॅन काढावा. काही जुन्या पायवाटा प्लॅनवर तुटक रेषेने दाखवलेल्या असतात. तिथे वाद लवकर मिटतो. नसेल तर आधी मालकाशी बोलणी आणि मग लेखी संमती: रुंदी किती, कोणत्या महिन्यांत, कुत्री न्यायची की नाही, सगळे त्यात यावे. पिढ्यान्‌पिढ्यांची वाट कोणी नव्याने अडवली असेल तर मामलेदारांकडे दाद मागता येते. पण आमच्या मते ती शेवटची पायरी असावी, कारण दाव्याने मोकळी झालेली वाट साफ करायला शेजारी मदतीला येत नाही.

काजूच्या मोसमात, फेब्रुवारी ते मे, बागायतदार कुंपण लावून घेतो. त्यात गैर काही नाही. पावणीत (लिलावात) बागायत घेतलेल्याचे वर्षाचे गणित या तीन-चार महिन्यांत बसते आणि बी चोरीला जाते हेही खरे. वाट बागायतीच्या पोटातून जात असेल तर ती सरळ कडेने वळवावी. शंभर मीटर वाढले तर वाढू द्यावे. कुंपणाला दार करू नये. दार उघडे राहते, गुरे शिरतात, आणि आठवड्याभरात मालक कुलूप लावतो. त्याऐवजी जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन खांब उभारून मधे ४५ सेंटिमीटरची फट ठेवावी आणि फटीच्या समोर ६० सेंटिमीटरवर तिसरा खांब. माणूस अंग वळवून जातो, गायीला तेवढे वळता येत नाही. शेळ्यांना हे अडवत नाही. शेळ्या असतील तिथे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन पायऱ्यांचा लाकडी चढ-उतार करावा आणि वरची काटेरी तार प्लास्टिकच्या नळीत घालावी. गव्यांसाठी आणि माकडांसाठी घातलेले सौर कुंपण असेल तर मालकाकडूनच प्लास्टिकच्या मुठीचा काढता-घालता हूक बसवून घ्यावा. तारेखालून सरपटत जायची सवय लोकांना लावू नये.

वाटेचा थोडासा जरी भाग म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव किंवा भगवान महावीर अभयारण्यात जात असेल तर पंचायतीचा अधिकार तिथे संपतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे आत जायलाच परवानगी लागते, फांदी तोडणे तर लांबच. अभयारण्याबाहेरही झाड तोडायचे तर वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ आहे. पण पायवाटेसाठी झाड तोडायची वेळ येतच नाही; झाड आले की वाट वळते.

आता रस्त्याचा हिशेब. डोंगर दीडशे मीटरचा धरा. गाडीला चढ दहा टक्क्यांहून जास्त नको, म्हणजे लांबी किमान दीड किलोमीटर. डांबर, बाजूपट्टी आणि गटार मिळून रुंदी सहा मीटर. तीस अंशांच्या उतारात सहा मीटरचा सपाट पट्टा पूर्ण कापून काढला तर मागची भिंत साडेतीन मीटर उभी राहते आणि दर मीटरला दहा घनमीटर माती-दगड निघतो. दीड किलोमीटरला पंधरा हजार घनमीटर. त्याच उतारात ९० सेंटिमीटरच्या पायवाटेला मागे अर्धा मीटर कापावे लागते. दर मीटरला पाव घनमीटरहून कमी, सगळ्या वाटेला साडेतीनशे. रुंदी पावणेसात पट झाली तर खोदाई चव्वेचाळीस पट होते, कारण रुंदीबरोबर कापणीची उंचीही वाढते. अंदाजपत्रकात हे दिसत नाही, तिथे फक्त किलोमीटर दिसतात.

ती पंधरा हजार घनमीटर माती बहुधा उतारावरच लोटली जाते. पावसात ती व्हाळात येते आणि तिथून कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत. त्याहून वाईट गोष्ट झरीची. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपत खाली जातो, चिकट मातीवर अडतो आणि बाजूला फुटतो. झरी याच पातळीला असतात. रस्त्याची कापणी वर चढताना ही पातळी कुठेतरी तोडतेच. मग मागची भिंत पावसाळाभर ओली राहते, ढासळते, गटार बुजते, पाणी डांबरावर येते. आणि जे पाणी जानेवारीपर्यंत खालच्या वाड्यावर हळूहळू उतरायचे ते चवथीच्या आधीच गटारातून निघून जाते. शेजारच्या गावात असे झालेले असेल तर तिथल्या कुळागरवाल्यांना विचारून यावे.

नगर आणि ग्राम नियोजन कायदा, १९७४ मधले कलम १७ अ डोंगरकापणीसाठी आहे. दहास एक किंवा त्याहून तीव्र उताराची जमीन कापायला आधी लेखी परवानगी लागते. पंचायतीच्या कामाला ती लागत नाही असे कोणी तोंडी सांगितले तर तेवढेच लेखी मागावे.

पायऱ्यांविषयीही थोडे. पारोड्याच्या चंद्रनाथावर गाडी बरीच वर जाते आणि पुढे पायऱ्या आहेत. तिथे देवस्थान आहे, रोज माणूस वर जातो, पायऱ्या झाडणारे हात आहेत. बिनदेवळाच्या डोंगरावर तशाच पायऱ्या ओतल्या तर जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांवर शेवाळ धरते. गुळगुळीत काँक्रिटवरचे शेवाळ हे ओल्या मातीपेक्षा कितीतरी धोक्याचे. शिवाय कडेने पाणी धावून पायऱ्यांखालची माती निघते, काँक्रिट वर तसेच लोंबते आणि एक दिवस भार पडला की मोडते.

मग वाट कशी असावी? रुंदी ९० सेंटिमीटर, झाडोरा काढून मोकळी ठेवायची रुंदी १.२ मीटर, डोक्यावर मोकळी उंची सव्वादोन मीटर. चढ शक्यतो दहा-बारा टक्के, थोड्या अंतरापुरता वीसपर्यंत. एक नियम मोडू नये: वाटेचा चढ हा त्या जागच्या डोंगर-उताराच्या निम्म्याहून जास्त नको. उतार तीस टक्के असेल तर वाट पंधरावर थांबावी. त्याहून तीव्र झाली की पाणी आडवे ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच धावायला लागते आणि दोन पावसाळ्यांत वाटेचा व्हाळ होतो. चढ मोजायला यंत्र नको. गवंड्याची पाण्याची नळी पुरते: दहा मीटर अंतरावर पातळीत एक मीटर फरक म्हणजे दहा टक्के.

वाट बाहेरच्या, म्हणजे दरीच्या बाजूला चार-पाच सेंटिमीटर कलती ठेवावी. एवढ्याने पहिल्या वर्षी पाणी जाते. मग पावलांनी मधला भाग दबतो, घळ पडते आणि कल निरुपयोगी होतो. म्हणून दर पंधरा-वीस मीटरला वाट दोन-तीन मीटर अंतर किंचित खाली उतरवून पुन्हा चढवावी. चालणाऱ्याला ते जाणवतही नाही, पण पाण्याला तिथे बाहेर पडावेच लागते, आणि हा उतार पालापाचोळ्याने तुंबत नाही. जुन्या तीव्र वाटेवर हे जमत नाही, तिथे आडवे चिरे घालावे लागतात. दहा टक्के चढावर साधारण वीस मीटरला एक, वीस टक्क्यांवर आठ-दहा मीटरला एक. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत, अशा प्रदेशात ही अंतरे कमीच करावीत, वाढवू नयेत. चिरे वाटेला तिरके, ४५ अंशांत, दोन तृतीयांश गाडलेले आणि दोन्ही काठांच्या बाहेर तीस सेंटिमीटर गेलेले हवेत. सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे ते काटकोनात घालणे. मग पहिल्याच झडीत मागे गाळ भरतो, पाणी वरून उडी मारते आणि चिऱ्याच्या पुढचीच माती उकरते. पाणी बाहेर काढायचे तेही दगडांवर. कोणाच्या कुळागराच्या बांधावर किंवा घराच्या परसात नाही.

सड्याजवळ जांभ्याची बारीक गोल खडी असते. ती कडक कवचावर पसरली की पाय गोट्यांवर पडल्यासारखा निसटतो, आणि तो उतरताना निसटतो. चढताना कोणी तक्रार करत नाही म्हणून काम पाहायला आलेला अभियंता फसतो. खडी खराट्याने बाहेरच्या बाजूला लोटावी आणि मधेमधे खडबडीत दगड पाय ठेवण्याजोगे गाडावेत.

पायऱ्या फक्त खिंडारात. तिथे चढ पंचवीस-चाळीस टक्के असतो आणि वळणाला जागा नसते. आपल्याकडचा चिरा साधारण सव्वा फूट लांब, पाऊण फूट रुंद, सात इंच जाड; वजन तीस किलोच्या आसपास. एका पायरीला दोन चिरे लांबीत जोडून ठेवावे, तीन सेंटिमीटर गाडावे, मागे पंधरा सेंटिमीटर खडी भरून ठोकून घ्यावी. पायरीची उंची पंधरा सेंटिमीटर आणि पाऊल ठेवायला अडतीस मिळते. दहा मीटर उंचीला सदुसष्ट पायऱ्या, एकशे चौतीस चिरे, चार टन वजन. डोक्यावरून एका खेपेला एक. म्हणून आधी तिथेच पडलेले सुटे धोंडे वापरावेत आणि उरलेलेच खालून आणावेत. कड्यातला दगड पहारीने काढू नये, सुटा दिसणारा दगड बहुधा वरच्या दुसऱ्याला अडवून असतो. खाणीतून नुकता काढलेला चिरा मऊ असतो, उघड्यावर राहून घट्ट होतो. एक उन्हाळा ठेवलेला घ्यावा. सिमेंटने सांधू नये. सांधलेल्या पायऱ्यांखाली पाणी अडते आणि निखळतात तेव्हा सगळ्या एकदम. कोरडी बसवलेली पायरी हलली तर दोन माणसे पहारीने ती अर्ध्या तासात सरळ करतात.

आधाराला दोर बांधायचा मोह होतो. उन्हात पडलेला नायलॉनचा दोर धड दिसतो पण कमजोर झालेला असतो, आणि माणूस नेमका तोल जाताना त्यावर सगळा भार टाकतो. कायमचा दोर नको. जांभा सच्छिद्र असल्याने त्यात ठोकलेले फुगणारे बोल्टही धरत नाहीत. आधार लागणारच असेल तर ४० मिलिमीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, साठ सेंटिमीटर खोल भोकात सिमेंटने बसवलेला, कड्याच्या काठापासून किमान एक मीटर आत. लोखंडी शिडी तर नकोच: खाऱ्या हवेत जोड गंजतात आणि दरवर्षी ते तपासायला कोणी जात नाही. शिडीशिवाय चढता येत नाही असे खिंडार असेल तर दुसरे शोधावे. दुसरे नसेल तर वाट कड्याखालीच संपवावी. तिथूनही नदी आणि शेते दिसतात.

सफाईचे वेळापत्रक पावसाप्रमाणे. मोठी सफाई ऑक्टोबरात, पाऊस ओसरताना. तेव्हा माती ओली असते, रानमोडीचे तण मुळासकट उपटून निघते आणि अजून फुललेले नसते. डिसेंबरात कापले तर बी पसरवण्याचे काम आपणच करतो. वाढलेल्या वाटेवर एक माणूस दिवसाला ऐंशी ते शंभर मीटर साफ करतो, म्हणजे दीड किलोमीटरला पंधरा ते एकोणीस माणसांचे एका दिवसाचे काम. चवथीच्या पंधरा दिवस आधी कोयत्याने हलका हात फिरवावा, म्हणजे माटोळीच्या सामानाला जाणाऱ्यांची सोय होते. खाजकुयलीचा वेल शेंगा हिरव्या असतानाच काढावा. एकदा त्या तपकिरी झाल्या की वाऱ्यानेही केस उडतात. अंगाला लागलीच तर चोळू नये, चिकटपट्टी लावून ओढून काढावी. वरची सावली छाटू नये. ऊन खाली पोचले की तण दुप्पट जोमाने येते. तणनाशक नको, कारण खाली झर आहे. आणि कापलेले जाळू तर अजिबात नये.

आगीच्या बाबतीत २०२३ चा मार्च आठवा. म्हादई आणि आसपासच्या रानांत आगी लागल्या तेव्हा हेलिकॉप्टरमधून पाणी टाकावे लागले. कितीतरी जागी माणसाला पायी पोचणेच कठीण होते. मोकळी वाट म्हणजे आग विझवायला जाणाऱ्यांचा रस्ता, आणि सुक्या गवतातली जमिनीवरची लहान आग अडवायला जागा. त्यासाठी फेब्रुवारीच्या सुरुवातीला वाटेवरचा पाचोळा झाडून घ्यावा. पर्यटनाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी एवढ्यासाठी पंचायतीने खर्च करणे योग्य ठरते.

सड्यावर पोचल्यावर वेगळीच अडचण. वाट दिसत नाही, कारण खडकावर पाऊल उमटत नाही. जुलै-ऑगस्टात धुके उतरले की चारी बाजूंचा काठ सारखाच दिसतो आणि लोक परतीचे खिंडार चुकतात. बाण रंगवून उपयोग नाही, जांभ्याचा पृष्ठभाग सुटतो आणि रंग घेऊन जातो. खिंडाराच्या तोंडाशी टाकीने कोरलेला बाण आणि पुढे दर चाळीस मीटरला दगडांचा गुडघाभर उंच ढीग पुरतो. खुणा परत येणाऱ्याला दिसतील अशा बाजूने कराव्यात. ढिगासाठी दगड एकदाच, मे महिन्यात, गोळा करावेत आणि काठीने उलटून मगच हात घालावा, कारण सुट्या दगडांखाली फुरसे, विंचू आणि बेडूक राहतात. नंतर येणाऱ्यांनी हौसेने नवे मनोरे रचू नयेत असा फलक पायथ्याशीच लावावा.

सड्यावरची माती बोटभर ते वीतभर. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यात गेंद आणि सीतेची आसवे फुलतात. एका जीपने दोन फेऱ्या मारल्या की तो थर चाकोरीतून धुऊन जातो आणि खाली नुसता खडक उरतो. माथ्यावर गाडी जाऊ शकेल असा कोणताही मार्ग आधीच असेल तर त्यावर चिऱ्यांचे खांब उभारून तो बंद करावा. बाटल्यांच्या काचांचा प्रश्नही गाडी वर जाते तिथेच मोठा. खोके डोक्यावर घेऊन दीड किलोमीटर चढणारे थोडेच.

पायथ्याला सहा-आठ गाड्यांपुरतीच जागा आखावी, देवळाच्या प्रांगणात आणि कदंब बस वळते त्या जागेत नाही. फलकावर मोजकेच लिहावे: अंतर, चढ, लागणारा वेळ, पाणी कुठेही मिळत नाही हे (उन्हाळ्यात माणशी दोन-तीन लिटर), डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो हे, आणि मे तसेच ऑक्टोबरातल्या दुपारी गडगडाट ऐकू आला की सडा सोडून खाली यावे हे. उघड्या सड्यावर सर्वांत उंच वस्तू माणूसच असतो, आणि कड्याच्या कपारीत आसरा घेणे हा उपाय नव्हे.

सर्पदंशासाठी १०८ आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहावे. फुरसे, घोणस, नाग आणि मण्यार यांच्यावर आपल्याकडची प्रतिविषाची लस चालते. बांबूच्या बेटात किंवा झुडपावर असणाऱ्या चापड्याच्या विषावर ती बनवलेली नाही. पण ओळखण्याच्या फंदात वेळ घालवू नये. चिरणे, चोखणे, आवळून बांधणे काही करू नये. दंश झालेला पाय हलणार नाही असा ठेवून माणसाला उचलून खाली आणावे. यासाठी एक जुनी साडी किंवा चादर आणि दोन बांबू पायथ्याच्या घरात ठेवलेले असले तरी चालते. ९० सेंटिमीटर रुंदीचा आग्रह यासाठीही आहे, त्याहून अरुंद वाटेवरून झोळी उतरत नाही.

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा असे आम्ही सुचवतो. तेव्हा वाट किती बुजली आहे ते समोर दिसते आणि सफाईचा हंगामही तोच असतो. ठरावात नुसते ‘डोंगराची वाट साफ करणे’ असे लिहू नये. सर्वे क्रमांक, सुरुवातीची आणि खिंडाराची जागा, रुंदी, वर्षातल्या तीन सफाया (चवथीआधी, ऑक्टोबर, फेब्रुवारी) आणि जुलैत एकदा आडव्या चिऱ्यांमागचा गाळ काढणे, एवढे शब्दांत यावे. जैवविविधता समितीच्या नोंदवहीत या वाटेवरून काय काय आणले जाते तेही लिहून ठेवावे: माटोळीचे सामान, अळमी, कुड्याच्या शेंगा, भिरंडा. पुढे कोणी वाट अडवली किंवा माथा विकायला काढला तर ही नोंद उपयोगी पडते. सफाईचे काम गावातल्याच माणसांना द्यावे, आणि त्यांच्याबरोबर दहावी-बारावीची दोन मुले पाठवावीत. खिंडार कुठे आहे ते त्यांना दाखवूनच ठेवावे.

कळावे,
आपले,
डोंगरवाटांची डागडुजी करणारे काही गोमंतकीय